फट बुजवल्यानंतर

१

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक माझ्यासमोर बसतं ते अगदी तोंडासमोर. मधे फक्त एक अरुंद टेबल. फ्रेम पसंत झाली की मी ती त्यांच्या नाकावर नीट बसवते, "सरळ माझ्याकडे बघा" म्हणते आणि बारीक पेनाने काचेवर बुबुळाच्या जागी ठिपका देते. हा ठिपका चुकला तर नवा चष्मा घातल्यावर माणसाला जमीन वर आल्यासारखी वाटते. त्यामुळे मला घाई करता येत नाही, आणि तेवढा वेळ समोरचा माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतो. दुसरं काही बघायला त्याला नसतंच.

तर इतकी वर्षं लोकांनी माझी फट बघितली. वरच्या पुढच्या दोन दातांमधली, आगपेटीची काडी सहज आत जाईल अशी. शिवाय डावीकडचा दात जरा तिरका, शेजारच्याच्या खांद्यावर रेलल्यासारखा. दुकानात त्या फटीचा एक उपयोग मात्र होता. चष्म्याची दांडी दुरुस्त करताना इवलासा स्क्रू मी तिच्यात धरायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहायचे. मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही सगळे भिंगकाका म्हणतो. ते म्हणायचे, "मालक, हिला पगार कशाला देताय? हिची अवजारांत नोंद करा. चिमटा, एक नग."

मी हसायचे, पण तोंडावर हात ठेवून. ही शाळेपासूनची सवय. लेकीच्या लग्नाच्या फोटोंत मी जिथे जिथे आहे तिथे तिथे माझ्या तोंडाच्या जागी माझाच हात आहे. सगळं लग्नभर शिंक आवरत उभी होते असं वाटतं. ते फोटो बघितले त्या दिवशी मी ठरवलं, यापुढचा एकही फोटो असा येणार नाही.

२

दातांच्या डॉक्टर बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली होती. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचं पोर्सिलेनचं कवच. नखाएवढं पातळ. दात किडलेला असेल, हिरड्या खराब असतील तर आधी ते बरं करायचं, कारण हा उपचार दिसण्यासाठी आहे, दुखण्यासाठी नाही. माझे दात निरोगी होते. सहा कवचं बसवली की फट बुजणार होती, तिरका दात सरळ दिसणार होता.

"फक्त एक नीट ऐका," त्या म्हणाल्या. "कवच बसायला जागा हवी, म्हणून दाताचं वरचं आवरण थोडंसं घासावं लागतं. ते पुन्हा येत नाही. उद्या तुम्हाला कवचं नकोशी झाली तरी खाली तुमचा आधीचा दात मिळणार नाही. म्हणून घरी जाऊन विचार करा."

माझा नवरा इमारतींचे नकाशे काढतो. पूर्वी कचेरीत जायचा, आता घरीच जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसतो. त्याला सांगितलं तर पेन्सिल खाली न ठेवता म्हणाला, "मला त्या फटीचं कधी वावडं नव्हतं."

"तुम्हाला कुठे तोंडावर हात धरून हसावं लागत होतं? वावडं मला होतं."

"तसं नाही गं. पण इतक्या वर्षांत मला आता तीच माहीत आहे."

"मग आता मला माहीत करून घ्या," मी म्हटलं. तो विषय तिथेच संपला. एकदा ठरवलं की मी मागे फिरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

डॉक्टर बाईंनी आधी माझ्या दातांचा ठसा घेऊन त्याचं प्लास्टरचं मॉडेल बनवलं. मग रंग ठरवला. आमच्याकडे फ्रेमचे ट्रे असतात तशी त्यांच्याकडे नमुन्याच्या दातांची पट्टी होती. एकेक दात माझ्या दाताला लावून बघायचा. मी फार पांढरा घेतला नाही. नंतर दात घासले. ते दुखलं नाही, पण आवाज थेट डोक्यात घुमत राहिला, आणि पाणी ओढून घेणारी नळी गालाच्या आत सारखी काहीतरी पीत होती. कवचं तयार होऊन आली तेव्हा ती चिकटवून निळ्या उजेडाने पक्की केली. डॉक्टर बाईंनी हातात आरसा दिला.

मी हात खाली ठेवला आणि हसले. त्या आरशातली बाई मला आवडली. ही गोष्ट मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यामुळे ती खोटी ठरत नाही.

३

नियम साधे होते. पुढच्या दातांनी टणक काही तोडायचं नाही, नखं कुरतडायची नाहीत, पेन्सिल चावायची नाही. स्क्रू दातांत धरणं बंद. भिंगकाकांनी मला एक खराखुरा चिमटा दिला आणि म्हणाले, "नोकरीत बढती झाली तुझी. अवजाराची माणूस झालीस." गिऱ्हाइकं मला बघून स्वतः हसायला लागली. असं होतं हे मला माहीत नव्हतं.

घरी सफरचंद मी फोडी करून खायला लागले. एका संध्याकाळी दुकानातून आले तर ओट्यावर एक उष्टं सफरचंद पडलेलं होतं. दोन घास घेतलेलं, अजून तांबूस न पडलेलं. नवरा सफरचंद खात नाही, त्याला ते सोसत नाही. मी ते टाकायला उचललं आणि दिव्याखाली नेलं.

चाव्याच्या मधोमध एक उभी बारीक भिंत होती. दोन दातांच्या मधे फट असली की फळाचा तेवढा भाग सुटतो आणि तशी भिंत उरते. डावीकडे एक खाच तिरकी.

हा चावा मी जन्मभर बघितला होता. ब्रेडवर, पेरूवर, खोडरबरावर. मला वाटलं, सवयीने आपणच सकाळी घास घेतला असेल आणि विसरलो असू. पण सकाळचा चावा एव्हाना तांबूस पडला असता, आणि मग भिंत कुठून आली? मी त्याच सफरचंदाला, नियम मोडून, शेजारी हळूच दात रोवले. माझी खूण सरळ आली. कातरीने कापल्यासारखी. बुबुळांमधलं अंतर मोजायची पट्टी माझ्या पर्समध्ये असतेच. ती काढून दोन्ही चावे मोजले. जबड्याची रुंदी तीच, वळण तेच. फक्त एक चावा माझा आजचा होता आणि दुसरा, माझाच, पण आता कुणाचाही नसलेला.

सफरचंद मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. हात धुतले. मग उगाचच पुन्हा धुतले.

४

माझा नवरा थट्टेखोर आहे. एकदा त्याने माझ्या भावाच्या बुटांत ओल्या बिया टाकल्या होत्या आणि त्यांना मोड येईपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. त्यामुळे माझा संशय सरळ त्याच्यावर गेला. प्लास्टरचं मॉडेल घ्यायचं आणि फळात रुतवायचं, एवढंच तर काम.

"दवाखान्यातून माझं मॉडेल आणलंत का तुम्ही?"

"कसलं मॉडेल?"

"दातांचं. आणि उगाच साळसूद चेहरा करू नका."

त्याने पेन्सिल खाली ठेवली, म्हणजे तो खरंच दुखावला होता. "बाईसाहेब, दात बदललेत, बरोबर डोकंही बदलून आलात का? फळं चावत बसायला मी काय शाळकरी आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेले. डॉक्टर बाईंनी फडताळातून खोका काढला. झाकणावर धूळ होती, आत कापसात माझी प्लास्टरची जुनी कवळी स्वस्थ पडून होती, फटीसकट. ती कुणी हलवलीही नव्हती.

"काही त्रास होतोय का?" त्यांनी विचारलं. आरशाच्या दांड्याने प्रत्येक कवचावर टकटक केली. सगळी घट्ट होती. "पहिले काही महिने जिभेला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. ती जुनी फट शोधत राहते."

"जिभेचं नाही. तुम्ही जे घासलंत ना, ते कुठे गेलं?"

"म्हणजे?"

"दातांचं वरचं आवरण. घासलेलं."

त्या हसल्या. "अहो, पीठ झालं त्याचं. पाण्याबरोबर नळीतून गेलं."

"नळीतून कुठे?"

त्यांनी खोका पुन्हा फडताळात ठेवला. मी आभार मानून निघाले. जिन्यात उभी राहून मी जीभ वरच्या दातांवरून फिरवली. जीभ कुठेही अडली नाही.

५

लेकीचा फोन नेहमी रविवारी येतो. त्या दिवशी मधेच आला. मी दुकानात होते.

"आई, परवापासून मला इतकं बरं वाटतंय," ती म्हणाली. "तू अशी खदखदून हसलीस ना, मी यांना पण ऐकवलं."

"परवा कधी?"

"अगं, दुपारी. बाबांच्या फोनवर केला होता, तू घेतलास. विसरलीस? आणि खरं सांगू का, त्या नव्या दातांनी तुझा आवाज बदलला होता. 'स' म्हणताना तुझी बारीक शीळ वाजायची ती गेली होती. मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. परवा पुन्हा वाजली. म्हटलं, चला, आपली आई परत आली."

परवा दुपारी मी एका आजीबाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होते. भिंगकाका शेजारी होते. मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मी या रविवारी येतेय. एक रात्र राहीन. तू खूश आहेस ना?"

"ये," मी म्हणाले. 'स' नसलेला शब्द निवडून.

संध्याकाळी घरी गेले तर मोरीत दोन कप होते. नवरा नकाशावर वाकून गुणगुणत होता. मी चहाचं आधण ठेवलं तर तो म्हणाला, "पुन्हा? आत्ताच तर घेतला की आपण."

"मी आत्ता येतेय दुकानातून."

"मग मी काय भिंतीबरोबर गप्पा मारत होतो?" तो हसला. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि हसू थोडं मागे सरलं. "दमलेली दिसतेस. बस जरा."

रागावण्यासारखं तो काहीच बोलला नव्हता. तो बऱ्याच दिवसांनी आनंदात होता, एवढंच. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या पाठीमागे तो आनंदात होता. मला त्या क्षणी स्वच्छ कळलं की इथे फळांचा प्रश्नच नाही. माझी जागा भरली जात होती, आणि ती भरणाऱ्याचं कुणाला काही खुपत नव्हतं.

भिण्याचा विचार मी बाजूला ठेवला. आधी घर राखायचं ठरवलं.

६

मालकांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "तुम्ही आणि रजा? तब्येत बरी आहे ना?" भिंगकाका म्हणाले, "घरी बसून आरशात हसणार असेल."

मी घरीच राहिले. घर लहान आहे. पुढची खोली, तिच्यात जेवणाचं टेबल, मागे स्वयंपाकघर, शेजारी झोपायची खोली. कुठेही उभं राहिलं तरी बाकीचं घर ऐकू येतं. मी सगळी दारं उघडी ठेवली. फळांची परडी टेबलावर, डोळ्यांसमोर.

काहीच झालं नाही. कुठे आवाज नाही, उष्टं फळ नाही. मला वाटायला लागलं की नव्या दातांचं कौतुक अंगाशी येऊन आपण भ्रमिष्ट झालो असू, आणि त्या विचाराने मला चक्क बरं वाटलं.

पण नवरा कोमेजत गेला. रेघ ओढता ओढता थांबायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. मी तिथून बाहेर आले की मान खाली घालायचा. सकाळी विचारायचा, "आज नाही का दुकान?" दुपारी पुन्हा तेच. कुणाची तरी वाट बघणारा माणूस घरच्या पाहुण्याला किती दिवस राहणार ते जसं आडून विचारतो, तसं.

"मी घरात असलेली चालत नाही का तुम्हाला?" मी शेवटी विचारलं.

"असं कुठे म्हटलं मी? पण तू नुसती बसून असतेस. बोलत नाहीस, हसत नाहीस."

"कालच तर हसले."

"हो, हसतेस," तो म्हणाला. "छान दिसतेस."

शनिवारी दुपारी तो पडला होता. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला. टणक फळात दात रुतल्याचा, मग तुकडा सुटल्याचा, मग निवांत चावण्याचा. कुणी घाई करत नव्हतं. परडी माझ्यासमोर होती आणि ती भरलेली होती. मी उठले नाही. चावणं थांबलं, मग एक बारीक शीळ आली, दातांतून वारा गेल्यासारखी, आणि मला कळलं की तिकडेही कुणीतरी कान देऊन बसलंय, मी उठते का ते बघत.

मी उरलेल्या घड्या घालून संपवल्या. प्रत्येक घडीच्या कडा मी जुळवून घेतल्या.

७

रविवारी लेक जेवायला येणार होती. तिला कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रेड आवडतो. नवऱ्याला म्हटलं, आणा. तो म्हणाला, "नकाशा उद्या द्यायचाय, तूच जा ना." त्याने ते इतक्या सहज म्हटलं की नाही म्हणायला कारण सापडेना. घर सोडायचं नाही हे मी ठरवलं होतं. पण दोन घरं पलीकडच्या बेकरीला जायला जी बाई भिते, तिचं घर आधीच गेलेलं असतं. मी गेले.

बेकरीत गर्दी होती. परत आले तर जिन्यात आमच्या घरातलं हसणं ऐकू आलं. लेक आली होती. तिचं हसणं, नवऱ्याचं, आणि त्या दोघांच्या मधे तिसरं. मोकळं, पोटातून आलेलं, शेवटी शीळ वाजणारं. तसं मी तोंडावर हात न ठेवता कधीच हसले नाही. ते हसणं माझं होतं आणि मी ते जन्मभर दाबलं होतं.

किल्ली फिरवली. आतून कडी होती. मी घंटा वाजवली.

दार नवऱ्याने उघडलं. चेहऱ्यावर अजून हसू होतं. मला बघून ते पुसलं गेलं नाही. फक्त जरा सावरलं, आपण घराबाहेरच्या माणसापुढे सावरतो तसं.

"या ना," तो म्हणाला, आणि आत वळून, "अगं, दुकानातल्या बाई आल्यात."

"अहो, मी आहे."

"हो हो, ओळखलं ना. ही नेहमी तुमच्याबद्दल सांगते. दात फार सुंदर आहेत तुमचे."

तो थट्टा करत नव्हता. त्याची थट्टा करतानाची नजर मला माहीत आहे. लेक टेबलाशी होती, पाठ माझ्याकडे, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्या दारातून मला फ्रिजची कड दिसली आणि कडेपलीकडे एक कोपर. माझ्या घरातल्या गाउनची निळी बाही होती ती. मी तो गाउन सकाळीच भिजवून ठेवला होता. बाही कोरडी होती. कोपर हललं, हात वर चालला, आणि मी बघणं थांबवलं. पुढचं बघितलं असतं तर माझे पाय जिना उतरले असते.

नवरा अजून दार धरून उभा होता, मी निरोप सांगून निघेन अशा बेताने. मी त्याच्या हाताखालून आत शिरले.

"आई," लेकीने हाक मारली. स्वयंपाकघराकडे बघत.

"काय गं?" मी म्हणाले.

आतूनही तेच दोन शब्द निघाले, त्याच सुरात. पण माझे आधी पोचले होते. आतले अर्ध्यावर थांबले.

लेकीची मान वळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला काय दिसत होतं ते मला कळलं नाही. मी ब्रेड टेबलावर ठेवला, नवऱ्याचे कागद एका बाजूला सारले आणि माझी खुर्ची ओढून तिच्यात बसले.

खुर्ची कोमट होती. मी उठले नाही.